फटफटीचा क्लच चिकटला तर?

फटफटी कोणाला ठाऊक नाही? गावात एक तरी जुनी फटफटी असतेच. कोणाच्या पडवीत, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या वळचणीला ती उभी असते. वर एक गोणपाट टाकलेले असते. पोरे तिच्यावर बसून तोंडाने फटफट करतात. कोंबडी तिच्या सीटखाली अंडी घालते. मालक म्हणतो, "ती काही आता चालत नाही. क्लच जाम झालाय."

मग एके दिवशी भंगारवाला येतो. तो गाडीकडे नीट पाहतही नाही. मान हलवतो, चार पैसे हातावर ठेवतो आणि गाडी टेम्पोत घालून घेऊन जातो. महिन्याभराने तीच गाडी तालुक्याच्या रस्त्यावर धडधडत जाताना दिसते! मालक तोंडात बोट घालून पाहत राहतो.

असे का होते? क्लच चिकटणे हा मोठा रोग नाही. पण तो ओळखता आला पाहिजे. या पाठात आपण तेच शिकणार आहोत. क्लच म्हणजे काय, तो का चिकटतो, तो कसा सोडवावा आणि पुन्हा चिकटू नये म्हणून काय करावे, हे सारे एकेक करून पाहू.

आपण उदाहरण घेऊ जुन्या बुलेटचे. ही गाडी मूळची इंग्लंडातली. हिंदुस्थानात 1955 साली मद्रासेत तिची कंपनी निघाली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना झाला. आधी इंग्लंडहून सुटे भाग येत आणि येथे जोडले जात. पुढे सगळेच भाग येथे होऊ लागले. आपले सैन्य आणि पोलीस ही गाडी वापरू लागले. म्हणून खेड्यापाड्यांतही ती पोहोचली. जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट आता कारखान्यात होत नाही. पण जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि धडधाकट आहेत.

माझ्या हातून घडलेली चूक

आधी माझीच गोष्ट सांगतो. दुसऱ्याची चूक सांगण्यापेक्षा आपली सांगितलेली बरी.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घरापासून शाळा सात मैलांवर होती. 1986 साली मी एक जुनी बुलेट विकत घेतली. ती माझ्या घरची लक्ष्मीच होती म्हणा ना! शाळेत जायचे तिच्यावरून, बाजार तिच्यावरून, आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तोही तिच्यावरून.

1991 सालच्या पावसाळ्यात माझी आई आजारी पडली. तिला घेऊन मी तालुक्याला राहिलो. गाडी घरी पडवीत उभी. आषाढ गेला, श्रावण गेला, भादवा गेला. पडवीत पाण्याची झड येई. गाडीला कोणी हात लावला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी घरी आलो. आई बरी झाली होती. मन आनंदात होते. म्हटले, गाडी काढू आणि बाजारातून फराळाचे सामान आणू. गाडी अंगणात काढली. पेट्रोल सोडले. चार किका मारल्या. गाडी चालू झाली. मी सीटवर बसलो. डाव्या हाताने क्लच दाबला आणि पायाने पहिला गिअर टाकला.

क्लच दाबलेला असला म्हणजे गाडी जागची हलत नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. पण गाडीला ते ठाऊक नव्हते! गिअर पडला मात्र, गाडीने बैलासारखी उसळी घेतली. मी क्लच दाबूनच धरलेला. तरी गाडी पुढे धावली. अंगण ओलांडले आणि गोठ्याच्या गव्हाणीवर आदळून बंद पडली.

गव्हाणीपाशी माझ्या भावाची मुलगी खेळत होती. चार वर्षांची पोर. गाडीचे चाक आणि ती पोर यांच्यात हातभर अंतर राहिले. फक्त हातभर.

तिची आई धावत आली. तिने पोरीला उचलले. ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. आई ओट्यावरून म्हणाली, "आरं, तू पोरांना शिकवतोस न्हवं? मग गाडीवर बसायच्या आधी तुला बघता आलं न्हाई?"

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. क्लच चिकटला होता. ते कळायला एक मिनीट पुरले असते. ते एक मिनीट मी वाचवले आणि घरची पोर जाता जाता राहिली. म्हणून हा पाठ लिहिण्याची मला फार दिवसांची इच्छा होती.

क्लच म्हणजे काय?

तुम्ही पिठाची गिरणी पाहिली आहे. जुन्या गिरणीत इंजिन एकीकडे असे आणि जाते एकीकडे. दोघांना जोडणारा लांब पट्टा असे. जात्याच्या दांड्यावर दोन पुल्या शेजारी शेजारी असत. एक पक्की, एक मोकळी. पट्टा पक्क्या पुलीवर असला म्हणजे जाते फिरे. गिरणीवाल्याने दांड्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला म्हणजे इंजिन चालू राही, पण जाते थांबे.

फटफटीचा क्लच हेच काम करतो. इंजिन चालू असताना चाकाशी असलेला त्याचा संबंध तोडणे आणि पुन्हा जोडणे हे क्लचचे काम.

पण येथे पट्टा नसतो. येथे चकत्या असतात. त्यांना क्लचप्लेटा म्हणतात. एका टोपलीत भाकरीची चवड ठेवावी तशा त्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्या दोन जातीच्या असतात. काही चकत्या नुसत्या पोलादाच्या, गुळगुळीत. काहींवर घट्ट पकड घेणारे अस्तर असते. एक पोलादी, एक अस्तराची, पुन्हा एक पोलादी, अशी त्यांची रांग असते. एका जातीच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात. दुसऱ्या जातीच्या चकत्या गिअरच्या दांड्याला, म्हणजे शेवटी चाकाला जोडलेल्या असतात.

या चवडीवर एक जाड टोपी असते. तिला स्प्रिंगा दाबून धरतात. दाब असला म्हणजे सगळ्या चकत्या एकमेकींना चिकटून एकदम फिरतात. इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. तुम्ही हँडलवरचा क्लच दाबला म्हणजे एक तार ओढली जाते. त्या तारेमुळे आतली दांडी टोपीला बाहेर ढकलते. दाब सुटतो. चकत्या मोकळ्या होतात. इंजिन आपले फिरते, चाक थांबून राहते.

आता ध्यानात आले ना? क्लच दाबला म्हणजे चकत्या सुटल्या पाहिजेत. त्या सुटल्या नाहीत तर क्लच चिकटला असे समजावे.

क्लच का चिकटतो?

बुलेटचा क्लच तेलात बुडालेला असतो. गाडी रोज चालते तेव्हा तेल सगळीकडे फिरते. पण गाडी महिनोन् महिने उभी राहिली म्हणजे काय होते? चकत्यांमधले तेल हळूहळू खाली उतरते. जे थोडे उरते ते जुने असले तर चिकट होते. पावसाळ्यात हवेतला ओलावा आत शिरतो. पोलादाला गंज चढतो. वरून स्प्रिंगांचा दाब असतोच. मग गुळाच्या ढेपेला फडके चिकटावे तशी अस्तराची चकती पोलादाला चिकटून बसते. नंतर तुम्ही क्लच दाबता, टोपी उचलली जाते, पण खालच्या चकत्या एकमेकींना सोडत नाहीत.

म्हणजे भाग मोडलेला नसतो. झिजलेलाही नसतो. तो नुसता चिकटलेला असतो. म्हणूनच घाईने नवा क्लच घेऊ नये.

रोग ओळखण्याच्या तीन परीक्षा

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही तसेच करावे. या तिन्ही परीक्षा करताना गाडी मोठ्या स्टँडवर लावावी आणि चावी बंद ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्ये असावी. न्यूट्रलची खात्री कशी करावी? मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले म्हणजे न्यूट्रल आहे.

पहिली परीक्षा इंजिनाची. बुलेटच्या हँडलवर डाव्या बाजूला एक छोटी मूठ असते. तिला डिकॉम्प्रेसर म्हणतात. ती दाबली म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा निघून जाते आणि किक हलकी होते. ती दाबून, क्लचला हात न लावता किक सावकाश खाली दाबा. किक खाली गेली आणि इंजिन फिरल्याचा आवाज आला, तर इंजिन मोकळे आहे. किक दगडासारखी जागीच राहिली, तर रोग क्लचचा नाही. इंजिनच धरले आहे. तेव्हा किकवर नाचू नका. मिस्त्रीला बोलवा.

दुसरी परीक्षा क्लचची. आता छोटी मूठ सोडून द्या. मोठी क्लचची मूठ पूर्ण दाबून धरा. किक मारा. क्लच चांगला असेल तर किक अगदी हलकी, पोकळ लागेल. पाय सरळ खाली जाईल. कारण तुमचा जोर इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. पण क्लच दाबूनही किक नेहमीसारखी जड लागली आणि इंजिन फिरले, तर चकत्या सुटत नाहीत हे पक्के समजा.

तिसरी परीक्षा तारेची. चकत्या सुटत नाहीत, पण दोष तारेचाही असू शकतो. क्लचच्या मुठीला थोडीशी ढील असावी, दोन-तीन मिलिमीटर इतकी. ज्वारीच्या दाण्याएवढी म्हणा. मूठ अर्धी दाबेपर्यंत काहीच होत नसेल तर तार सैल आहे. ती आवळून घ्या. तारेचे धागे तुटले असतील तर तार बदला. तार ठीक आहे, तिच्या दुसऱ्या टोकाचा दांडा नीट हलतो, तरी क्लच सुटत नाही, असे झाले तर मात्र चकत्याच चिकटल्या आहेत.

सोडवण्याचे उपाय: सोपा आधी, अवघड मागून

पहिला उपाय. चावी बंद. गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबून धरा आणि दहा-पंधरा किका मारा. किक झटक्याने मारा. थोडे दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा क्लच एवढ्यानेच सुटतो. सुटला म्हणजे किक एकदम हलकी होते. तुम्हाला पायालाच कळते.

दुसरा उपाय. क्लचची मूठ पूर्ण दाबा आणि ती हँडलला बांधून टाका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी यासाठी फार चांगली. रात्रभर तशीच राहू द्या. टोपी उचललेली राहते, चकत्यांवरचा दाब जातो, तेल आत झिरपायला वाट मिळते. सकाळी पट्टी सोडू नका. मूठ बांधलेली असतानाच पुन्हा किका मारून पाहा.

तिसरा उपाय. ऊन दाखवले की तूप पातळ होते. तेलाचेही तसेच आहे. मूठ सोडा. गाडी मोठ्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत चालू करा. बंद खोलीत कधीही चालू करू नका. धुरात विषारी वायू असतो, त्याला वासही नसतो आणि माणूस झोपल्यासारखा मरतो. दहा मिनिटे इंजिन चालू ठेवा. तेल ऊन झाले की इंजिन बंद करा. चावी काढून खिशात टाका.

आता गाडी स्टँडवरून सपाट जागी उतरवा. समोर कोणी नको. पोरे, गुरे लांब करा. शेवटचा गिअर टाका. क्लच पूर्ण दाबून धरा. दुसऱ्या माणसाला मागून धरायला सांगा. दोघांनी मिळून गाडी पुढे-मागे हिसडे देऊन हलवा. चिकटलेल्या चकत्यांना दोन्हीकडून झटके बसतात. 'कट्' असा आवाज होऊन गाडी एकदम मोकळी चालू लागली म्हणजे क्लच सुटला. पुढच्या ब्रेकवर उजव्या हाताची बोटे ठेवायला विसरू नका.

काही लोक एक चौथा प्रकार करतात. इंजिन चालू ठेवतात, गाडी ढकलत नेतात, तसाच गिअर टाकतात आणि ब्रेक दाबून हिसके देतात. कधी क्लच सुटतो. कधी माणूस पडतो. माझ्या अंगणात काय झाले ते तुम्ही वाचलेच आहे. शिवाय जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्यांना उलटे असते. नव्या गाडीची सवय झालेला माणूस घाबरला म्हणजे ब्रेक समजून गिअरवर पाय देतो. तेव्हा हा प्रकार आपण करायचा नाही. त्यापेक्षा झाकण खोलावे. त्यात धोका कमी आणि लाभ अधिक.

झाकण खोलून क्लच कसा सोडवावा

माझा क्लच वरच्या कोणत्याच उपायाने सुटला नाही. तालुक्याच्या एका दुकानात मला सांगण्यात आले, "गुरुजी, क्लच गेला. नवा टाका." किंमत ऐकून मी गप्प बसलो. आईच्या औषधाला पैसे गेले होते. पगार व्हायला अवकाश होता. गाडी विकावी असाही विचार मनात आला.

तेव्हा बाजारपेठेच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री बसत. ते म्हणाले, "गुरुजी, माणूस झोपला म्हणून त्याला जाळत्यात का? आधी हलवून बघत्यात." त्यांनी माझ्यादेखत क्लच खोलला आणि मला शिकवला. तीच रीत तुम्हाला सांगतो.

आधी तयारी करा. एक परात, स्वच्छ फडकी, पाने, पेचकस, थोडे रॉकेल किंवा डिझेल आणि नवे तेल जवळ घ्या. बिडी, चूल, दिवा लांब ठेवा. पेट्रोलने भाग धुवू नका. त्याची वाफ लांबच्या विस्तवानेही भडकते.

क्लच गाडीच्या डाव्या बाजूला, लांबट गोल झाकणाच्या आत असतो. पाय ठेवायचा दांडा आणि ब्रेकची पट्टी आड येते. ती आधी काढावी. खाली परात ठेवावी. बुलेटच्या झाकणाला मधोमध एकच मोठा नट असतो. तो काढला की झाकण निघते. आतले तेल परातीत पडते. झाकणाच्या कडेला रबराची गोल पट्टी असते. ती फाटू देऊ नका. नाहीतर पुढे तेल गळत राहील.

आत पुढच्या बाजूला इंजिनाचे दाते दिसतील, मागच्या बाजूला क्लचची टोपली, आणि दोघांना जोडणारी साखळी. क्लचच्या टोपीवर स्प्रिंगांचे स्क्रू असतात.  एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसऱ्याला हात घालू नये. प्रत्येकाला एकेक वेढा द्यावा. असे आळीपाळीने सगळे सैल करावे. म्हणजे टोपी वाकडी होत नाही आणि स्प्रिंग तोंडावर उडत नाही.

टोपी काढली की मधोमध दांडीच्या तोंडाशी एक लहान तुकडा असतो. तो हरवू नये. मग चकत्या एकेक बाहेर घ्याव्या.

येथे एक गोष्ट फार महत्त्वाची. चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने परत बसल्या पाहिजेत. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना लिहिता येत नव्हते. ते काय करीत? निघेल ती चकती एका तारेत ओवत. पहिली निघालेली तळाशी, शेवटची वर. एकदा मांजराने ती तार पाडली आणि सगळा क्रम गेला. अर्धा दिवस त्यांनी डोके धरले. ते मला म्हणाले, "गुरुजी, मला चार आकडे लिवता आलं असतं, तर ह्यो दिस वाया गेला नसता."

तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. कागदाच्या चिठ्ठ्या करा. 1, 2, 3, 4 असे लिहा. प्रत्येक चकती त्या त्या चिठ्ठीवर ठेवा. कोणती बाजू वर होती तेही लिहा. शिकलेल्या अक्षरांचा हा उपयोग.

चिकटलेल्या दोन चकत्या कशा सोडवाव्या? छिन्नी-हातोडा आणू नका. अस्तर उखडते, पोलाद वाकते. जोडी रॉकेलमध्ये भिजत ठेवा. मग पातळ पाते कडेकडेने सगळीकडून थोडे थोडे सरकवा. एकाच जागी जोर करू नका. माझ्या क्लचमधल्या दोनच चकत्या अशा चिकटल्या होत्या. त्या सुटल्या तेव्हा 'चट्' असा आवाज झाला. मिस्त्री हसले. म्हणाले, "ह्येच तुमचं दुखणं."

आता चकत्या तपासा. पोलादी चकती काचेवर ठेवून पाहा. ती डुगडुगली तर वाकली आहे, बदलावी. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने काढावा. अस्तर जळून काळे पडले असेल, तुकडे पडले असतील किंवा झिजून गुळगुळीत झाले असेल तर ती चकती मात्र नवी घ्यावी. टोपलीच्या खाचाही पाहाव्या. चकत्यांचे दाते आपटून तेथे खड्डे पडतात. मग चकती अडकते आणि क्लच नीट सुटत नाही. खड्डे थोडे असतील तर कानशीने सारखे करता येतात. कानशीचा कीस आत राहू देऊ नये.

एक सूचना. जुन्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर पुढे वाईट रोग होतात. म्हणून अस्तर कोरडे घासू नका, धूळ फुंकरीने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या.

सगळे स्वच्छ झाले की प्रत्येक चकती नव्या तेलात बुडवून काढा. चिठ्ठीच्या आकड्याप्रमाणे उलट क्रमाने बसवा. शेवटी निघालेली आधी. टोपी ठेवा. स्प्रिंगांचे स्क्रू पुन्हा आळीपाळीने, एकेक वेढा देत, पूर्वी होते तितकेच आवळा.

झाकण लावण्याआधी एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने टोपीकडे पाहावे. टोपी सगळीकडून सारखी उचलली पाहिजे. एक बाजू मागे राहिली तर त्या बाजूची स्प्रिंग जास्त आवळली आहे, किंवा नीट बसलेली नाही. ती सारखी करा.

मग झाकण लावा. नट बेताने आवळा. जास्त आवळला तर झाकण वाकते. तेल भरा. झाकणावर तेलाची पातळी दाखवणारा एक लहान स्क्रू असतो. तो काढून ठेवावा. तेथून तेल झिरपू लागले की भरणे थांबवावे. जास्त तेल घातले म्हणजे क्लच जास्त चांगला चालतो असे नाही. उलट चकत्या तेलात रेंगाळतात. मोटारीचे कोणतेही तेल घालू नये. ओल्या क्लचला चालणारे, मोटारसायकलचे तेल मागून घ्यावे. डब्यावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे. दुकानदाराच्या भरवशावर राहू नये.

शेवटी ब्रेकची पट्टी आणि पायाचा दांडा बसवा. ब्रेक लागतो का ते आधी पाहा. मगच गाडीवर बसा.

पुन्हा चिकटू नये म्हणून

गाडी रोज चालू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किका मारा. चावी बंद ठेवून. हे दात घासण्यासारखे आहे. रोज केले पाहिजे.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा ती चालू करा आणि थोडी फिरवून आणा. ते जमत नसेल तर घरच्या कोणाला तरी क्लच दाबून किका मारायला सांगा. गाडीवर प्लास्टिक गुंडाळू नका. आत घाम धरतो. गोणपाट किंवा जुने धोतर बरे. तेल वेळच्या वेळी बदला.

त्या दिवाळीला माझी गाडी चालू झाली. मिस्त्रींनी मजुरी घेतली ती थोडीच. पण मी घरी आलो आणि गाडी अंगणात उभी केली, तरी भावजय पोरीला अंगणात सोडीना. माझ्यावरचा तिचा विश्वास यायला पुढे बरेच दिवस लागले. गाडी दुरुस्त व्हायला एक दुपार पुरते. विश्वासाचे तसे नाही.

ती पोर आता मोठी झाली. तिला स्वतःची मुले आहेत. माहेरी आली की ती माझ्या बुलेटपाशी येते आणि म्हणते, "काका, आधी किक मारून दाखवा." मी क्लच दाबतो. किक हलकी खाली जाते. मग ती मुलांना जवळ येऊ देते.

ध्यानात ठेवा

1. उभ्या राहिलेल्या गाडीवर बसण्याआधी क्लच दाबून, चावी बंद ठेवून किक मारून पाहा.
2. किक हलकी लागली तर क्लच मोकळा आहे. जड लागली आणि इंजिन फिरले तर तो सुटत नाही.
3. आधी तार पाहा, मग चकत्यांना दोष द्या.
4. किका मारणे, मूठ रात्रभर बांधणे, तेल ऊन करून गाडी हलवणे, हे उपाय याच क्रमाने करा.
5. इंजिन चालू असताना गिअर टाकून क्लच सोडवण्याचा प्रयत्न करू नका.
6. झाकण खोलले तर प्रत्येक भागाखाली आकड्याची चिठ्ठी ठेवा.
7. गाडीच्या समोर पोर असेल तर आधी पोर बाजूला, मग गाडी.

विचार करा आणि सांगा

क्लच दाबूनही किक जड का लागते? तुमच्या गावात अशी एखादी फटफटी उभी आहे का? तिच्या मालकाला हा पाठ वाचून दाखवा. मग दोघे मिळून तिच्यावरचे गोणपाट काढा आणि पहिली परीक्षा करून पाहा.